वन्यजीव संरक्षणाचा अधिकार : केंद्र-राज्य विभागणीचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

भारतीय संघराज्यात केंद्र व राज्ये यांच्यातील अधिकारविभागणीचा अभ्यास बहुधा वित्त, पाणीवाटप, राष्ट्रपती राजवट किंवा शिक्षण या विषयांच्या संदर्भात केला जातो. वन्यजीव संरक्षण हा विषय त्या मानाने दुर्लक्षित राहिला आहे. वास्तविक भारतीय संघराज्याचे स्वरूप काळाच्या ओघात कसे बदलत गेले, हे समजून घेण्यासाठी या विषयाइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल. १९५० मध्ये संविधान अमलात आले तेव्हा वन्य प्राणी व पक्षी यांचे संरक्षण हा राज्यसूचीतील विषय होता. १९७२ मध्ये राज्यांच्या संमतीने संसदेने त्यावर कायदा केला. १९७७ च्या प्रारंभी तो समवर्ती सूचीत आला आणि त्यानंतरच्या तीन दशकांत निर्णयाचे बहुतेक महत्त्वाचे अधिकार केंद्राकडे सरकले.

या स्थित्यंतराला केवळ ‘केंद्रीकरण’ असे नाव देणे पुरेसे ठरत नाही. निर्बंध घालण्याचा व ते शिथिल करण्याचा अधिकार टप्प्याटप्प्याने दिल्लीकडे गेला. परंतु रानातील गस्त, पिकांचे पंचनामे, मृतांच्या नातेवाइकांना द्यावयाचे अर्थसाहाय्य आणि ग्रामस्थांच्या रोषाला तोंड देणे ही कामे राज्यांकडेच राहिली. अधिकार व उत्तरदायित्व यांच्यातील हे अंतर कसे निर्माण झाले आणि त्याचे कोणते परिणाम झाले, याचा शोध घेणे हे प्रस्तुत निबंधाचे उद्दिष्ट आहे. विवेचनासाठी महाराष्ट्र व गोव्यातील उदाहरणांचा प्रामुख्याने आधार घेतला आहे.

ब्रिटिशकालीन पार्श्वभूमी

ब्रिटिश अमदानीतील सुरुवातीचे कायदे एकेका प्राण्यापुरते मर्यादित होते. मद्रास प्रांताने १८७३ मध्ये आणि हिंदुस्थान सरकारने १८७९ मध्ये हत्तींच्या रक्षणासाठी कायदा केला. १८८७ मध्ये वन्य पक्ष्यांसाठी कायदा झाला. व्यापक स्वरूपाचा पहिला कायदा म्हणजे १९१२ चा वन्य पक्षी व प्राणी संरक्षण अधिनियम होय. त्याच्या अनुसूचीत हरणे, गवे, रानम्हशी, गेंडे, रानमेंढ्या अशा प्राण्यांचा समावेश होता. वाघ व बिबट्या यांचा मात्र त्यात समावेश नव्हता. हिंस्र श्वापदे मारणे हे त्या काळी शौर्याचे व लोकोपयोगी काम समजले जात असे आणि त्यासाठी सरकारी बक्षिसेही दिली जात.

या कायद्याची दोन वैशिष्ट्ये पुढील इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची आहेत. पहिले, कायदा मध्यवर्ती असला तरी कोणत्या काळात शिकारीस बंदी असावी हे ठरविण्याचे काम प्रांतिक सरकारांवर सोपविले होते. दुसरे, स्वतःच्या वा इतरांच्या जिवाच्या रक्षणासाठी किंवा मालमत्तेच्या प्रामाणिक रक्षणासाठी प्राणी मारल्यास तो गुन्हा ठरत नसे. म्हणजेच शेतात शिरलेल्या प्राण्याबाबतचा निर्णय बहुतांशी शेतकऱ्याच्या हाती होता. संस्थानी मुलखाला हा कायदा लागू नव्हता. तेथे राजाची इच्छा हाच कायदा असे. कोल्हापूर संस्थानातील दाजीपूरचे रान छत्रपतींच्या शिकारीसाठी राखीव होते आणि त्यामुळेच तेथील गवे टिकून राहिले, ही बाब इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित आहे.

१९३५ च्या कायद्याने प्रांतिक स्वायत्तता आली तेव्हा वन्य प्राणी व पक्षी यांचे संरक्षण प्रांतिक सूचीत समाविष्ट झाले. संविधानकारांनी हीच व्यवस्था पुढे चालू ठेवली. सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत ‘वने’ हा विषय १९ व्या आणि ‘वन्य प्राणी व पक्षी यांचे संरक्षण’ हा विषय २० व्या नोंदीत आला.

राज्यसूचीचा काळ (१९५०–१९७२)

या काळात प्रत्येक राज्याने आपापल्या गरजेनुसार कायदे केले. मुंबई राज्याने १९५१ मध्ये मुंबई वन्य प्राणी व वन्य पक्षी संरक्षण अधिनियम संमत केला. आसामने १९५४ मध्ये गेंड्यासाठी स्वतंत्र कायदा केला. मध्य प्रदेशाने राष्ट्रीय उद्यानांसाठी वेगळा कायदा केला. आजच्या महाराष्ट्रातील दोन संरक्षित क्षेत्रांचा इतिहास या विविधतेवर चांगला प्रकाश टाकतो. ताडोबा १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले, तेव्हा चांदा जिल्हा मध्य प्रदेशात होता. दाजीपूरचे अभयारण्य १९५८ मध्ये झाले ते मुंबई राज्यात. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य स्थापन झाले तेव्हा वेगवेगळ्या प्रशासकीय परंपरांतून आलेली ही राने एका राज्याच्या वनखात्याकडे आली.

राज्यांच्या कायद्यांना कमी लेखणे योग्य होणार नाही. मात्र त्यांच्या दोन मर्यादा लवकरच उघड झाल्या. प्राणी राज्याची सीमा ओळखत नाहीत आणि व्यापारीही ती जुमानत नाहीत. एका राज्यात ज्याच्या शिकारीस बंदी, त्याच प्राण्याचे कातडे शेजारच्या राज्याचे म्हणून उजळ माथ्याने विकता येत असे. दुसरे असे की, शिकारीच्या परवान्यांतून राज्यांना महसूल मिळत होता आणि परदेशी शिकाऱ्यांना घेऊन येणाऱ्या कंपन्यांकडून परकीय चलन येत होते. केंद्राने १९५२ मध्ये भारतीय वन्यजीव मंडळ स्थापन केले. त्याच वर्षी चित्ता देशातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले. या मंडळाचे स्वरूप सल्लागाराचे असल्याने राज्यांना शिफारशी करण्यापलीकडे त्याच्या हाती फारसे काही नव्हते.

१९६९ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाचे अधिवेशन दिल्लीत भरले. तेथे वाघाच्या स्थितीबद्दल व्यक्त झालेल्या चिंतेमुळे हा प्रश्न राष्ट्रीय पातळीवर आला. १९७० मध्ये वाघाच्या शिकारीवर बंदी आली. १९७२ च्या गणनेत देशात १,८२७ वाघ असल्याचे नोंदविले गेले. पावलांच्या ठशांवर आधारित त्या गणनापद्धतीबद्दल पुढे अनेक आक्षेप घेतले गेले. तथापि या आकड्याने राष्ट्रीय कायद्याची निकड शासनाला पटवून दिली.

संमतीतून आलेला कायदा

संसदेसमोर घटनात्मक अडचण होती. विषय राज्यसूचीतील असल्याने त्यावर थेट कायदा करता येत नव्हता. त्यासाठी संविधानाच्या अनुच्छेद २५२ चा मार्ग स्वीकारण्यात आला. दोन किंवा अधिक राज्यांच्या विधिमंडळांनी ठराव करून विनंती केल्यास राज्यसूचीतील विषयावर संसद त्या राज्यांपुरता कायदा करू शकते, अशी तरतूद या अनुच्छेदात आहे. आंध्र प्रदेश, बिहार, गुजरात, हरियाणा, हिमाचल प्रदेश, मध्य प्रदेश, मणिपूर, पंजाब, राजस्थान, उत्तर प्रदेश आणि पश्चिम बंगाल या अकरा राज्यांनी असे ठराव केले. केंद्रशासित प्रदेशांबाबत संसदेला अशा संमतीची आवश्यकता नव्हती. वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाला ९ सप्टेंबर १९७२ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली.

अधिनियमाच्या मूळ उद्देशिकेत या अकरा राज्यांची नावे होती. त्यांत महाराष्ट्राचे नाव नव्हते. महाराष्ट्राने नंतर, १९७३ मध्ये, हा अधिनियम स्वीकारला. त्याच वर्षी १ एप्रिल रोजी सुरू झालेल्या व्याघ्र प्रकल्पाच्या पहिल्या नऊ क्षेत्रांत मेळघाटचा समावेश होता. जम्मू-काश्मीरने आपला स्वतंत्र कायदा १९७८ मध्ये केला. तेथे केंद्रीय अधिनियम २०१९ च्या पुनर्रचनेनंतरच लागू झाला.

येथे अनुच्छेद २५२ च्या दुसऱ्या खंडाकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. या मार्गाने झालेल्या कायद्यात दुरुस्ती करण्याचा किंवा तो रद्द करण्याचा अधिकार केवळ संसदेला असतो. ठराव करणाऱ्या राज्याचे विधिमंडळ त्यात बदल करू शकत नाही. थोडक्यात, राज्यांनी दिलेली संमती परत घेता येण्याजोगी नव्हती. १९७२ चा कायदा केंद्राने राज्यांवर लादला हे म्हणणे इतिहासाला धरून नाही. त्याचबरोबर, राज्यांनी दिलेल्या एकवेळच्या संमतीचे परिणाम पुढील सर्व पिढ्यांवर झाले, हेही नाकारता येत नाही.

चार वर्षांनी या संमतीची घटनात्मक गरजच संपली. आणीबाणीच्या काळात झालेल्या ४२ व्या घटनादुरुस्तीने ‘वने’ आणि ‘वन्य प्राणी व पक्षी यांचे संरक्षण’ हे दोन्ही विषय राज्यसूचीतून काढून समवर्ती सूचीत १७-अ व १७-ब या नोंदींखाली घातले. ही तरतूद ३ जानेवारी १९७७ पासून अमलात आली. याच दुरुस्तीने अनुच्छेद ४८-अ द्वारे वने व वन्यजीव यांचे रक्षण हे राज्यसंस्थेचे मार्गदर्शक तत्त्व आणि अनुच्छेद ५१-अ (छ) द्वारे नागरिकांचे मूलभूत कर्तव्य ठरले. समवर्ती सूचीतील विषयावर केंद्र व राज्य दोघेही कायदा करू शकतात. दोहोंत विसंगती आल्यास अनुच्छेद २५४ नुसार केंद्राचा कायदा प्रभावी ठरतो. राष्ट्रपतींची संमती मिळाल्यास राज्याचा वेगळा कायदा त्या राज्यापुरता टिकू शकतो. म्हणजे येथेही अखेरची किल्ली केंद्राकडेच राहते.

अधिनियमातील विभागणी आणि तिच्यातील बदल

मूळ अधिनियमात कामाची वाटणी बऱ्याच अंशी समतोल होती. अभयारण्य व राष्ट्रीय उद्यान घोषित करणे, मुख्य वन्यजीव रक्षक नेमणे, परवाने देणे आणि गुन्ह्यांचा तपास करणे ही कामे राज्याकडे होती. शिकार झालेला किंवा मृतावस्थेत सापडलेला वन्य प्राणी सर्वसाधारणपणे राज्य शासनाची मालमत्ता ठरत असे. ही तरतूद आजही कायम आहे. केंद्राकडे वन्यजीव परिरक्षण संचालक हे पद होते आणि आयात-निर्यातीवर नियंत्रण होते. धोक्यातील प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराविषयीच्या करारात भारत १९७६ मध्ये सहभागी झाल्यावर केंद्राची ही बाजू अधिक भक्कम झाली.

पुढील तीन दुरुस्त्यांनी हा समतोल बदलला. १९९१ च्या दुरुस्तीने परवान्यावरील शिकार जवळजवळ संपूर्णपणे बंद झाली आणि एखाद्या प्राण्याला ठरावीक प्रदेशापुरते ‘उपद्रवी’ घोषित करण्याचा अधिकार केंद्राकडे आला. याच दुरुस्तीने अभयारण्याची सीमा बदलण्यासाठी राज्य विधिमंडळाच्या ठरावाची अट घातली होती. २००२ च्या दुरुस्तीने विधिमंडळाच्या जागी पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची शिफारस आणली. अकरा वर्षांच्या आत लोकनियुक्त विधिमंडळाची जागा एका केंद्रीय मंडळाने घेतली, ही घटना संघराज्याच्या अभ्यासकांकडून काहीशी दुर्लक्षित राहिली आहे. सरिस्का येथील वाघ नाहीसे झाल्याचे २००५ मध्ये उघड झाल्यानंतर २००६ ची दुरुस्ती झाली. तिने राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण स्थापन केले आणि प्राधिकरणाच्या शिफारशीवरून राज्याने व्याघ्र राखीव क्षेत्र अधिसूचित करावे, अशी तरतूद केली.

या बदलांमागे सबळ कारणे होती. राज्य पातळीवर खाणी, रस्ते व उद्योग यांचे हितसंबंध अधिक जवळचे असतात आणि त्यांच्या दबावाखाली संरक्षित क्षेत्रांचे लचके तोडले जाण्याचा धोका खरा होता. सर्वोच्च न्यायालयानेही १३ नोव्हेंबर २००० च्या आदेशाने आपल्या परवानगीशिवाय कोणतेही अभयारण्य वा राष्ट्रीय उद्यान रद्द करण्यास मनाई केली. तेव्हापासून केंद्र व राज्य यांच्या जोडीला न्यायपालिका ही तिसरी निर्णायक सत्ता या क्षेत्रात उभी राहिली.

माळढोक अभयारण्य : एक उदाहरण

या व्यवस्थेचे प्रत्यक्ष परिणाम सोलापूर व तत्कालीन अहमदनगर (आजचा अहिल्यानगर) या जिल्ह्यांतील माळढोक अभयारण्याच्या इतिहासात स्पष्ट दिसतात. महाराष्ट्र शासनाने १९७९ मध्ये सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटर क्षेत्र अभयारण्य म्हणून घोषित केले. माळढोक हा गवताळ माळरानावर दूरवर फिरणारा पक्षी असल्याने विस्तीर्ण क्षेत्र हवे, हा त्यामागील विचार होता. परंतु या सीमेत वनखात्याच्या माळरानांबरोबर शेकडो गावे, बाजारपेठा आणि खासगी शेतजमीनही आली. अधिनियमानुसार अभयारण्यातील हक्कांची चौकशी जिल्हाधिकाऱ्यांनी करून ते निश्चित करावयाचे असतात. एवढ्या मोठ्या वस्तीच्या प्रदेशात ते काम दीर्घकाळ रेंगाळले आणि जमिनीचे व्यवहार, उद्योग व बांधकामे यांवर निर्बंधांची छाया पडली.

अभयारण्य घोषित करणे राज्याला एका अधिसूचनेने शक्य झाले होते. त्यातील चूक सुधारणे मात्र राज्याच्या हाती उरले नाही. सीमा बदलण्यासाठी केंद्रीय मंडळ आणि सर्वोच्च न्यायालय या दोन्ही पायऱ्या चढणे भाग पडले. अखेरीस २०१२ मध्ये क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरपर्यंत कमी झाले. मधल्या तीन दशकांत उजनीच्या पाण्यामुळे या भागात उसाचे क्षेत्र वाढले, माळराने नांगराखाली गेली आणि माळढोकाचे दर्शन दुर्मीळ होत गेले. कागदावरचे अभयारण्य देशातील मोठ्या अभयारण्यांपैकी एक होते. पक्ष्याला लागणारे गवत मात्र त्या कागदामुळे राखले गेले नाही आणि ज्यांच्या सहकार्याने ते राखता आले असते, त्या शेतकऱ्यांच्या मनात माळढोक म्हणजे जमिनीवरील बोजा अशी भावना निर्माण झाली. घोषणेचा अधिकार एकीकडे, दुरुस्तीचा दुसरीकडे आणि त्याची झळ तिसऱ्याला, अशी ही स्थिती होती.

उपद्रव, नुकसान आणि जबाबदारी

अधिकार व उत्तरदायित्व यांतील अंतर सर्वांत तीव्रतेने जाणवते ते मानव-वन्यजीव संघर्षाच्या प्रश्नात. विदर्भातील शेतकऱ्याच्या पिकात रोही किंवा रानडुकरे शिरली तर पंचनामा राज्याचा वनकर्मचारी करतो आणि भरपाई मिळण्यासाठी शेतकरी राज्याच्याच दारात उभा राहतो. त्या प्राण्याला उपद्रवी ठरविण्यासाठी मात्र राज्याला केंद्राकडे प्रस्ताव पाठवावा लागतो. केंद्राने डिसेंबर २०१५ मध्ये बिहारच्या काही जिल्ह्यांत नीलगाय व रानडुक्कर, तर २०१६ मध्ये उत्तराखंडात रानडुक्कर आणि हिमाचल प्रदेशात माकडे यांना मर्यादित काळासाठी उपद्रवी घोषित केले. जून २०१६ मध्ये बिहारमधील मोकामा येथे नीलगायींना गोळ्या घालण्यात आल्यावर दोन केंद्रीय मंत्र्यांमध्येच जाहीर वाद झाला. परवानगी राज्याच्या विनंतीवरून दिली, असे पर्यावरण मंत्र्यांचे स्पष्टीकरण होते. विनंती करणारा आणि परवानगी देणारा वेगळा असला की उत्तरदायित्व कोणाचे हे सांगणे किती कठीण होते, हे या प्रसंगावरून दिसून येते.

जिवास धोका असलेल्या पहिल्या अनुसूचीतील प्राण्याबाबत निर्णयाचा अधिकार कलम ११ नुसार राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकाकडे आहे. प्राण्याला पकडणे, बेशुद्ध करणे वा स्थलांतरित करणे शक्य नसल्याची त्यांची खात्री झाली पाहिजे. यवतमाळ जिल्ह्यात २०१८ मध्ये ‘अवनी’ या नावाने ओळखल्या गेलेल्या टी-१ वाघिणीच्या प्रकरणात आदेश राज्याचा होता, कार्यपद्धती केंद्रीय प्राधिकरणाची होती आणि प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. २ नोव्हेंबर २०१८ रोजी ती मारली गेल्यानंतरही वाद शमला नाही. १९१२ च्या कायद्यात शेतकऱ्याला मालमत्तेच्या रक्षणासाठी जो थेट अपवाद होता, तो कालांतराने नाहीसा झाला. त्याची जागा अर्ज, प्रस्ताव व मंजुरी यांच्या साखळीने घेतली.

२०२२ च्या दुरुस्तीने अनुसूचींची संख्या कमी केली आणि उपद्रवी प्राण्यांची स्वतंत्र अनुसूची वगळली. परंतु उपद्रवी घोषित करण्याचा अधिकार केंद्राकडेच राहिला. केरळने रानडुकरांबाबत केलेल्या मागण्या मान्य न झाल्याने तेथील विधानसभेने ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय अधिनियमात राज्यापुरती दुरुस्ती करणारे विधेयक संमत केले. अनुच्छेद २५४ च्या मार्गाचा हा वापर म्हणजे गेलेला अधिकार परत मिळविण्याचा राज्याचा प्रयत्न होय.

गोव्यातील म्हादई प्रकरण : नाण्याची दुसरी बाजू

राज्यांना अधिकार परत दिले की प्रश्न सुटेल, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. गोव्यातील म्हादई अभयारण्य १९९९ मध्ये राष्ट्रपती राजवटीच्या काळात राज्यपालांनी घोषित केले. लोकनियुक्त सरकार नसताना झालेल्या या घोषणेबद्दल स्थानिकांत नाराजी राहिली. जानेवारी २०२० मध्ये याच अभयारण्यात चार वाघ विषप्रयोगाने मेल्याचे आढळले. व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाने व्याघ्र राखीव क्षेत्राची शिफारस केली असूनही राज्याने ती अमलात आणली नव्हती. २४ जुलै २०२३ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने अशी शिफारस राज्यावर बंधनकारक असल्याचा निर्वाळा देऊन तीन महिन्यांत अधिसूचना काढण्याचा आदेश दिला. राज्य शासनाने त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली.

केंद्रीय संस्थेच्या शिफारशीविना म्हादईतील वाघांचा प्रश्न न्यायालयापुढे एवढ्या ठामपणे आला नसता, हे मान्य करावे लागेल. त्याचवेळी, ज्या गावांच्या गोठ्यांपर्यंत वाघ येतो, त्या गावांचे म्हणणे राज्यपाल, प्राधिकरण, राज्य सरकार व न्यायालय यांपैकी कोणाच्या प्रक्रियेत पुरेसे ऐकले गेले, हा प्रश्न येथे शिल्लक राहतो. २००६ च्या दुरुस्तीत ग्रामसभेशी विचारविनिमयाची तरतूद आहे. प्रत्यक्षात ही पायरी बहुधा सर्वांत शेवटी आठवली जाते.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, वन्यजीव संरक्षणाच्या कायद्याचा उगम राज्यांच्या संमतीत आहे, पण त्याचा पुढील प्रवास संमतीपासून दूर जाणारा आहे. राज्यसूचीच्या काळात प्रत्येक राज्याचा वेगळा कायदा असल्याने व्यापारी व शिकारी यांचे फावले. म्हणून राष्ट्रीय कायदा आवश्यक होता आणि त्यामुळे अनेक प्रजाती वाचल्या, हे ऐतिहासिक सत्य आहे. परंतु १९९१, २००२ व २००६ च्या दुरुस्त्यांनी निर्णयाचे अधिकार वर नेताना खर्चाचा, मनुष्यबळाचा आणि लोकक्षोभाचा भार मुख्यतः राज्यांवर व गावांवर ठेवला. माळढोकाच्या उदाहरणात या अंतराची किंमत पक्षी आणि शेतकरी या दोघांनीही मोजली.

त्यामुळे अधिकार केंद्राकडे असावा की राज्याकडे, या चौकटीत हा प्रश्न मांडणे अपुरे आहे. ज्या पातळीवर निर्बंध घातला जातो, त्याच पातळीवर नुकसानभरपाईचे दायित्व आणि चूक दुरुस्त करण्याची कालमर्यादा कायद्याने निश्चित झाली पाहिजे. १९७२ मध्ये अकरा विधिमंडळांनी ठराव करून जी संमती दिली, तिचे आजचे रूप ग्रामसभेच्या संमतीत शोधावे लागेल. तसे झाल्यास समवर्ती सूचीतील ‘समवर्ती’ या शब्दाला खऱ्या अर्थाने आशय प्राप्त होईल.